उपग्रहाला दिसते, यंत्रणेला का दिसत नाही?

कोराडीच्या चिमण्यांतून निघणारा वायू सातशे किलोमीटर उंचीवरून मोजता येतो, नाग नदीने वाहून नेलेल्या मैलापाण्याचा परिणाम अवकाशातून टिपता येतो. ही चित्रे वाचणाऱ्या देशातील महत्त्वाच्या संस्था नागपुरातच आहेत. तरीही त्या चित्रांवरून पुढे काही घडत नाही. उणीव तंत्रज्ञानाची नाही, पाहिलेल्याची जबाबदारी कोणावरच नसण्याची आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये 'ग्रीनपीस' या संस्थेने जगभरातील सल्फर डायऑक्साइडच्या उत्सर्जनाची प्रमुख ठिकाणे दाखविणारी यादी प्रसिद्ध केली. 'नासा'ने २००४ मध्ये सोडलेल्या ऑरा या उपग्रहावरील ओएमआय नावाच्या उपकरणाची निरीक्षणे हा तिचा मुख्य आधार होता. माणसाच्या उद्योगांतून बाहेर पडणाऱ्या सल्फर डायऑक्साइडमध्ये भारताचा वाटा पंधरा टक्क्यांहून अधिक असून तो जगात सर्वाधिक आहे, असा तिचा निष्कर्ष होता. भारतातील ठिकाणांमध्ये सिंगरौली, नेवेली, तालचेर, कोरबा या नावांच्या पंगतीत महाराष्ट्रातील दोन नावे होती. एक चंद्रपूर आणि दुसरे कोराडी.

नागपूरकरांना कोराडीच्या चिमण्या नव्या नाहीत. जगदंबेच्या दर्शनाला जाणारा प्रत्येक जण त्या पाहतच मंदिरात जातो. ६६० मेगावॉटचे तीन संच असलेले कोराडी आणि तेथून काही किलोमीटरवरील १,३४० मेगावॉटचे खापरखेडा, अशी दोन मोठी औष्णिक वीज केंद्रे या शहराच्या उत्तर अंगाला उभी आहेत. त्यांच्या धुराची आणि राखेची तक्रार परिसरातील गावे वर्षानुवर्षे करीत आली आहेत. नवे होते ते एवढेच की, जी गोष्ट गावकरी तोंडाने सांगत होते ती आता अवकाशातून आकड्यांत सांगितली जात होती. अपेक्षा अशी की, यानंतर काही हालचाल व्हावी. प्रत्यक्षात ती यादी बातमीपुरती राहिली.

ही उदासीनता एखाद्या आडगावात समजून घेता आली असती. पण नागपूर हे आडगाव नाही. सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था म्हणून १९५८ मध्ये येथे सुरू झालेली आणि १९७४ पासून 'नीरी' या नावाने ओळखली जाणारी राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था याच शहरात आहे. राज्य शासनाचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, म्हणजे 'एमआरसॅक', १९८८ मध्ये येथे स्थापन झाले. भारताचा सुदूर संवेदन उपग्रह आयआरएस-१ए अवकाशात गेला तेही त्याच वर्षी, मार्चमध्ये. 'इस्रो'च्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे मध्य भारतासाठीचे प्रादेशिक केंद्र अमरावती मार्गावर आहे. प्रदूषण ओळखणारे शास्त्रज्ञ आणि उपग्रहाची छायाचित्रे वाचणारे तज्ज्ञ एकाच शहरात एवढ्या संख्येने सापडावेत, अशी शहरे देशात फार नाहीत. मग नागपूरच्या हवेचा आणि पाण्याचा नित्य हिशेब उपग्रहाच्या मदतीने का मांडला जात नाही?

उपग्रह नेमके काय पाहतो?

प्रथम या तंत्राविषयीचा एक गैरसमज दूर करायला हवा. उपग्रह वरून छायाचित्र काढतो आणि त्यात धूर दिसतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात तो पृथ्वीवरून परावर्तित होऊन येणाऱ्या सूर्यप्रकाशाचे पृथक्करण करतो. वातावरणातील प्रत्येक वायू प्रकाशाच्या ठरावीक लहरी शोषून घेतो. सल्फर डायऑक्साइड अतिनील प्रकाशातील काही लहरी शोषतो, नायट्रोजन डायऑक्साइड दृश्य प्रकाशातील निळ्या भागात आपली खूण ठेवतो. परत आलेल्या प्रकाशात कोणत्या लहरी किती घटल्या यावरून त्या ठिकाणच्या हवेच्या स्तंभात कोणता वायू किती आहे, हे काढता येते. धूलिकणांच्या बाबतीत सूर्यप्रकाश किती अडला आणि विखुरला याचे मोजमाप होते.

युरोपीय अवकाश संस्थेचा सेंटिनेल-५पी हा उपग्रह १३ ऑक्टोबर २०१७ रोजी सोडण्यात आला. त्यावरील ट्रोपोमी हे उपकरण सुमारे साडेपाच किलोमीटर लांब आणि साडेतीन किलोमीटर रुंद एवढ्या तुकड्यांत हवेचे मोजमाप करते. ओएमआयचा तुकडा सर्वोत्तम स्थितीतही १३ गुणिले २४ किलोमीटरचा होता. म्हणजे कोराडी आणि खापरखेडा ही दोन्ही केंद्रे ओएमआयच्या दृष्टीने जवळपास एकच ठिपका. आपल्या 'इस्रो'चे इन्सॅट मालिकेतील हवामान उपग्रह विषुववृत्तावर एकाच जागी स्थिर राहून दर अर्ध्या तासाला देशाचे चित्र पाठवितात. त्यावरून धूलिकणांचा अंदाज बांधता येतो, मात्र त्यांचे तुकडे आणखी मोठे असतात.

या साधनांचे सामर्थ्य कशात आहे, हे २०१७ मध्ये दिसून आले. अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी ओएमआयच्या निरीक्षणांवरून दाखवून दिले की, २००७ नंतर चीनचे सल्फर डायऑक्साइड उत्सर्जन सुमारे ७५ टक्क्यांनी घटले आणि भारताचे सुमारे ५० टक्क्यांनी वाढले. चीनने वीज केंद्रांच्या धुराड्यांवर वायूतील गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसविली आणि ती चालविलीही, याची साक्ष उपग्रहाने दिली. कोणत्याही सरकारच्या अहवालाची वाट न पाहता हे सांगता आले. २०२० च्या टाळेबंदीत मोठ्या शहरांवरील नायट्रोजन डायऑक्साइड कसा ओसरला, हेही जगाने उपग्रहाच्या नकाशांवर पाहिले. कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांच्या पट्ट्यांवरील ठिपके मात्र त्या काळातही पूर्णपणे मावळले नव्हते.

दुपारी दीडची वेळ

पण उपग्रहाला सर्वज्ञ मानणे ही दुसऱ्या टोकाची चूक ठरेल. ऑरा आणि सेंटिनेल-५पी हे उपग्रह एखाद्या ठिकाणावरून दिवसातून साधारण एकदाच, दुपारी दीडच्या सुमारास जातात. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची हवा सर्वाधिक वाईट असते ती पहाटे आणि रात्री. थंड हवेचा थर जमिनीलगत अडकतो, वर उबदार हवेचे झाकण बसते आणि धूर त्याखाली कोंडला जातो. दुपारपर्यंत ऊन तापून हवा ढवळली जाते व प्रदूषके वर पसरतात. म्हणजे सकाळी फिरायला बाहेर पडलेला माणूस ज्या हवेत श्वास घेतो, ती हवा उपग्रहाला दिसतच नाही.

दुसरी मर्यादा अशी की, उपग्रह जमिनीपासून वातावरणाच्या वरच्या टोकापर्यंतच्या संपूर्ण स्तंभाचे मोजमाप करतो. त्यातील किती वायू माणसाच्या नाकाच्या पातळीवर आहे, हे त्याला थेट सांगता येत नाही. त्यासाठी वाऱ्याची दिशा, तापमान आणि जमिनीवरील केंद्रांची नोंद यांची जोड द्यावी लागते. त्यामुळे उपग्रह आला म्हणून जमिनीवरील केंद्रे अनावश्यक झाली, असा अर्थ कोणी काढू नये. जमिनीवरील नोंदी जेवढ्या अधिक, तेवढा उपग्रहाचा आकडा विश्वासार्ह.

नेमकी येथेच नागपूरची पहिली अडचण आहे. या शहरात दीर्घकाळ सिव्हिल लाइन्समधील जीपीओसमोरचे एकच स्वयंचलित केंद्र हवेची सतत नोंद करीत होते. अलीकडच्या वर्षांत महाल, अंबाझरी आणि रामनगर येथील केंद्रांची त्यात भर पडली, ही स्वागतार्ह बाब आहे. परंतु ही चारही ठिकाणे शहराच्या मध्य आणि पश्चिम भागात आहेत, तर उपग्रहाला दिसणारा ठिपका उत्तरेकडे आहे. उत्तरेचा वारा वाहू लागला की कोराडी-खापरखेड्याचा धूर शहराकडे येतो. त्या मार्गावरील वस्त्यांत तो किती उतरतो, हे या चार केंद्रांच्या जोरावर ठरविणे कठीण आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नागपूर आणि चंद्रपूर दोन्ही शहरांचा समावेश झाला. त्या कार्यक्रमाचे यश मात्र मुख्यतः रस्त्यावरील धूळ आणि मोठ्या धूलिकणांच्या आकड्यावर जोखले गेले. चिमणीतून वायुरूपात निघून पुढे हवेतच सूक्ष्म कणांत रूपांतरित होणारा गंधक त्या मापात नीट बसत नाही.

उपग्रहाची ठरावीक वेळ ही किती मोठी पळवाट ठरू शकते, याचे उदाहरण उत्तर भारतात सापडते. पंजाब-हरियाणातील शेतात पेटविल्या जाणाऱ्या तणसाची मोजदाद उपग्रहावरून होते आणि तिच्या आधारे शेतकऱ्यांवर दंडही बसतो. २०२४ मध्ये 'नासा'शी संबंधित शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी निदर्शनास आणले की, आगीच्या नोंदी घटलेल्या दिसत असल्या तरी धूर तेवढा घटलेला नाही. दक्षिण कोरियाच्या स्थिर उपग्रहाची चित्रे पाहता आगी दुपारच्या फेरीनंतर लावल्या जात असाव्यात, असा त्यांचा कयास होता. उपग्रह कधी येतो हे ज्याला कळते, तो त्याच्या डोळ्यांत धूळ फेकू शकतो. एकाच उपग्रहावर विसंबून चालत नाही, एवढा धडा यातून निश्चित मिळतो.

नाग नदी आणि जलपर्णी

पाण्याच्या बाबतीत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. स्वच्छ, खोल पाणी अवरक्त प्रकाश जवळपास पूर्ण शोषून घेते, म्हणून त्या लहरींतील चित्रात ते काळे दिसते. पाण्यात गाळ असेल तर ते तांबड्या प्रकाशात उजळते. शेवाळ वाढले तर हरितद्रव्याची खूण उमटते आणि जलपर्णी पसरली तर तलाव हिरव्या शेतासारखा झळकू लागतो. सेंटिनेल-२ मालिकेचे उपग्रह दहा मीटरच्या तुकड्यांत साधारण दर पाच दिवसांनी हे टिपतात. आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहांवरील एक कॅमेरा तर सहा मीटरपेक्षाही सूक्ष्म चित्र देतो.

अंबाझरी तलाव हे या तंत्राचे सोपे उदाहरण ठरावे. हिंगणा-वाडी परिसरातून येणाऱ्या दूषित पाण्याने या तलावाची प्रकृती बिघडवली आणि अलीकडच्या वर्षांत जलपर्णीने त्याच्या पृष्ठभागाचा मोठा भाग व्यापला. जलपर्णी एका रात्रीत तलाव गिळत नाही. तिचा पहिला पट्टा कोणत्या तोंडाशी उगवला आणि कोणत्या आठवड्यात तो किती वाढला, हे पाच-पाच दिवसांच्या चित्रांत स्पष्ट दिसते. दूषित पाणी कोणत्या बाजूने येते याचाही तो सुगावाच. तरीही आपल्याकडे या वनस्पतीची दखल तलाव हिरवागार झाल्यावरच घेतली जाते आणि मग ती कोणी काढायची, कोणाच्या पैशातून काढायची, यावर खल सुरू होतो. 'एमआरसॅक'चे कार्यालय या तलावापासून फार दूर नाही, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

नाग नदीचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. शहरातून वाहताना तिचे पात्र दोन भिंतींमध्ये इतके अरुंद होते की, उपग्रहाच्या एका तुकड्यात पाणी, भिंत आणि काठावरील झाड एकत्र मिसळून जाते. पाण्यातील जिवाणू, विरघळलेले जड धातू किंवा प्राणवायूची मागणी उपग्रहाला दिसत नाही. त्यासाठी बाटलीत नमुना घेऊन प्रयोगशाळेतच जावे लागते. पण ही नदी पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते आणि ते सारे पाणी गोसेखुर्दच्या जलाशयात जाऊन थांबते. थांबलेल्या, विस्तीर्ण पाण्यावर उपग्रहाची नजर चांगली पोहोचते. नागपूरने सोडलेले सांडपाणी भंडारा जिल्ह्यात काय करते, याचा हिशेब गोसेखुर्दच्या पाण्यावरील हिरव्या रंगाच्या चढउतारांत मांडता येतो.

नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी १,९२५ कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या प्रकल्पाची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. एवढा पैसा खर्च झाल्यावर नदी सुधारली की नाही, हे कोण आणि कशावरून ठरविणार? नदीकाठी किती झाडे लावली, किती किलोमीटर वाहिन्या टाकल्या, हे ठेकेदाराच्या देयकावरून कळेल. पाणी सुधारले का, हे गोसेखुर्दला विचारावे लागेल. प्रकल्प सुरू होण्यापूर्वीच्या दहा वर्षांची उपग्रहचित्रे आजही उपलब्ध आहेत. तीच पायाभूत नोंद मानून पुढची प्रत्येक वर्षाची तुलना जाहीर करता येईल.

खसाळ्याची राखड

या सर्व चर्चेला खरी धार येते ती राखेच्या प्रश्नावर. कोळसा जाळून वीज निर्माण होते, तशी राखही निर्माण होते. ती पाण्यात कालवून मोठमोठ्या बंधाऱ्यांमध्ये साठविली जाते. फेब्रुवारी २०२२ मध्ये नांदगावच्या ग्रामस्थांच्या तक्रारींनंतर तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी तेथील राख तलावात राख टाकणे थांबविण्याचे आदेश दिले. पाचच महिन्यांनी, जुलै २०२२ मध्ये, मुसळधार पावसात कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला. राखड शेतांत शिरली, कोलार नदीत उतरली आणि तेथून कन्हानमध्ये गेली. याच कन्हानवर नागपूरच्या पाणीपुरवठ्याचे एक महत्त्वाचे केंद्र आहे. गावचे दुखणे अशा रीतीने थेट शहराच्या नळापर्यंत आले.

उपग्रह हे टाळू शकला असता का? प्रामाणिक उत्तर असे की, त्या दिवशी नाही. जुलैमध्ये विदर्भावर ढगांचे आच्छादन असते आणि ढगांतून प्रकाशीय उपग्रहाला काहीही दिसत नाही. म्हणजे धोका सर्वाधिक असतो त्याच महिन्यांत हा डोळा मिटलेला असतो. रडारवर चालणारे उपग्रह ढगांतूनही पाहतात. 'इस्रो'चा ईओएस-०४ हा रडार उपग्रह फेब्रुवारी २०२२ मध्येच, म्हणजे ही घटना घडण्यापूर्वी, अवकाशात गेला होता. 'नासा' आणि 'इस्रो' यांचा संयुक्त निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी सोडण्यात आला. जमिनीची काही सेंटिमीटरची हालचालही टिपण्याची त्याची क्षमता आहे. धरणे आणि बंधारे खचत आहेत का, हे पाहण्यासाठी अशा रडारचा उपयोग जगात होतो.

पण प्रश्न बंधारा फुटल्याच्या दिवसाचा नाहीच. बंधारा फुटण्याआधी कोरडे आठ महिने गेलेले असतात. ऑक्टोबर ते मे या काळात विदर्भाचे आकाश बहुतांशी निरभ्र असते. त्या काळात राखेचा साठा किती वाढला, पाण्याचा फुगवटा बंधाऱ्याच्या कोणत्या बाजूला सरकला, भिंतीबाहेर ओल दिसू लागली का, उन्हाळ्यात राख उडून कोणत्या शेतांवर बसली, हे दर पाच दिवसांनी पाहता येते. पांढरट करडी राख आणि काळी माती यांतील फरक उपग्रहाला ओळखायला अवघड नाही. एप्रिलमध्ये एखाद्या बंधाऱ्याखाली लाल खूण करून ठेवली, तर मेमध्ये अभियंता तेथे जाऊन पाहणी करू शकतो. जुलैमध्ये पंचनामा करण्यापेक्षा हे स्वस्त आहे.

बाटलीतला पुरावा

मग हे होत का नाही? याचे एक कारण कायद्यात दडलेले आहे. १९७४ चा जलप्रदूषण कायदा आणि १९८१ चा वायुप्रदूषण कायदा हे दोन्ही नमुन्याभोवती रचलेले आहेत. मंडळाच्या अधिकाऱ्याने उद्योगाला सूचना द्यायची, त्याच्या प्रतिनिधीसमोर नमुना घ्यायचा, तो सीलबंद करायचा आणि ठरवून दिलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवायचा. ही पद्धत पाळली नाही तर त्या नमुन्याचा अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. उद्योगावर अन्याय होऊ नये म्हणून घातलेली ही काळजी त्या काळाला धरून होती. परंतु उपग्रहाचे चित्र बाटलीत भरता येत नाही, सीलबंद करता येत नाही, त्याचे दोन भाग करून एक उद्योगाच्या हाती देता येत नाही. त्यामुळे मंडळाच्या दृष्टीने ते माहिती ठरते, कारवाईचे निमित्त ठरत नाही.

दुसरे कारण कामाच्या पद्धतीत आहे. आपल्याकडील संशोधन संस्थांनी अभ्यास केलेले नाहीत असे कोणी म्हणणार नाही. पण हा अभ्यास प्रकल्पागणिक होतो. एखादा विभाग काम सोपवितो, संस्था अहवाल देते आणि विषय तेथे संपतो. पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी काय झाले, हे पाहण्याची जबाबदारी कोणाकडेच उरत नाही. प्रदूषण वर्षभर चालते आणि अभ्यास मात्र मुदतीत संपतो.

या कोंडीवरचा तोडगा शोधायला नागपूरच्या बाहेर जाण्याची गरज नाही. सिव्हिल लाइन्समधील इंदिरा भवनात भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय आहे. या ब्यूरोने ऑक्टोबर २०१६ मध्ये खाण निगराणी प्रणाली सुरू केली. खाणपट्ट्यांच्या सीमा उपग्रहचित्रावर बसविल्या आणि सीमेबाहेरच्या ५०० मीटरच्या पट्ट्यावर नजर ठेवली. तेथे जमिनीत संशयास्पद बदल दिसला की राज्याच्या खनिकर्म अधिकाऱ्याकडे सूचना जाते. त्याने प्रत्यक्ष जागेवर जायचे, पाहायचे आणि काय आढळले ते कळवायचे. नागरिकांनाही तक्रार नोंदविण्याची सोय त्यात ठेवण्यात आली.

या रचनेतील शहाणपण असे की, तिने उपग्रहाच्या चित्राला पुरावा मानण्याचा आग्रह धरलाच नाही. चित्राचे काम अधिकाऱ्याला जागेवर पाठविण्यापुरते. पुरावा तो अधिकारी गोळा करणार. कायद्यात एकही अक्षर न बदलता हे करता आले. खाणीची हद्द ओलांडली तर अधिकाऱ्याला जागेवर जावे लागते, मग राख बंधाऱ्याची हद्द ओलांडल्यावर का जाऊ नये? मुरूम चोरीला गेला तर शासनाचे स्वामित्वधन बुडते म्हणून उपग्रहाची मदत घ्यायची आणि हवा-पाणी नासले तर बाटलीची वाट पाहायची, या दोन न्यायांचे समर्थन करणे कठीण आहे.

नागपूरने काय करावे?

नागपूर आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांपुरती अशी व्यवस्था प्रायोगिक स्वरूपात उभी करण्यास कोणतीही तांत्रिक अडचण नाही. वीज केंद्रे, राख बंधारे, मोठे तलाव, नाग-कन्हानचा संगम आणि गोसेखुर्दचा जलाशय अशी ठिकाणे आधी निश्चित करावीत. त्यांची चित्रे 'एमआरसॅक' आणि प्रादेशिक केंद्राने नियमितपणे तपासावीत. बदल दिसला की प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याकडे सूचना जावी आणि त्याने ठरावीक दिवसांत जागेवर जाऊन नमुना घ्यावा. 'नीरी'ने वर्षातून दोनदा उपग्रहाचे आकडे आणि जमिनीवरील नोंदी ताडून पाहाव्यात. कोराडीच्या बाजूला, वाऱ्याच्या मार्गावर, शहराच्या उत्तरेला एक तरी स्वयंचलित केंद्र असावे.

खर्चाची सबब येथे टिकणार नाही. अमेरिकेच्या लँडसॅटची चित्रे २००८ पासून विनामूल्य मिळतात, युरोपच्या सेंटिनेलची चित्रेही तशीच मिळतात. चिमण्यांवर सतत नोंद घेणारी उपकरणे बसविण्याचे निर्देश केंद्रीय मंडळाने २०१४ मध्ये मोठ्या प्रदूषणकारी उद्योगांना दिले होते. त्या उपकरणांचा आकडा आणि वरून दिसणारा आकडा एकमेकांशी जुळतो का, एवढे पाहिले तरी बरीच लपवाछपवी उघडी पडेल. चिमणीवरचे उपकरण उद्योगाच्या आवारात असते. उपग्रह कोणाच्याच आवारात नसतो.

खोट्या इशाऱ्यांची भीती रास्त आहे. तलावावर सावली पडली तरी संगणक तिला जलपर्णी समजू शकतो, वीटभट्टीचा धूर वीज केंद्राच्या माथी बसू शकतो. म्हणूनच दंडाऐवजी तपासणी, हे सूत्र आवश्यक. पण तपासणीचा निष्कर्ष मात्र जाहीर झाला पाहिजे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ मध्ये उद्योगांच्या धुराला एक ते पाच तारे देऊन ते लोकांसमोर ठेवण्याची योजना सुरू केली, तेव्हा माहिती उघड करणे हेही नियंत्रणाचे साधन असू शकते, हे शासनाने मान्य केलेच होते. उपग्रहाची सूचना कोणत्या दिवशी आली, अधिकारी कोणत्या दिवशी गेला आणि त्याला काय आढळले, हे तीन रकाने दर महिन्याला संकेतस्थळावर आले तरी पुरे.

या निगराणीची निकड आता वाढली आहे. औष्णिक केंद्रांनी गंधक काढणारी यंत्रणा बसवावी, असे निकष केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये ठरविले. मुदत पुन:पुन्हा वाढत गेली. जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातील बहुसंख्य केंद्रांना या यंत्रणेतून सूट दिली. राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या किंवा दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांच्या दहा किलोमीटर परिसरातील केंद्रांना मात्र ती बसवावीच लागेल आणि त्यासाठी डिसेंबर २०२७ अखेरची मुदत आहे. नागपूरच्या उंबरठ्यावरील केंद्रांच्या दृष्टीने हा निकष फार महत्त्वाचा आहे. कोराडीत ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच उभारण्याच्या प्रस्तावावर २९ मे २०२३ रोजी झालेल्या जनसुनावणीत नागरिकांनी आपला विरोध नोंदविलेला आहे. यंत्रणा बसली का, बसवून चालविली का, की केवळ कागदावर राहिली, याचे उत्तर २०२८ मध्ये नागपूरकरांना हवे असेल, तर मोजदाद आजपासून सुरू व्हायला हवी. चीनने यंत्रणा चालविली, हे ज्या उपकरणाने दाखविले त्याच जातीचे उपकरण कोराडीवरूनही रोज जाते.

रोज दुपारी दीडच्या सुमारास तो उपग्रह नागपूरच्या डोक्यावरून जाईल आणि कोराडीची नोंद घेऊन ती सगळ्या जगाला मोकळी करील. ती नोंद परदेशातील एखाद्या विद्यापीठात वाचली जाईल, एखाद्या संस्थेच्या यादीत छापली जाईल. तीच नोंद नागपुरातील एखाद्या अधिकाऱ्याच्या टेबलावर रोज ठेवली जावी आणि तिचे पुढे काय केले, हे त्याला विचारता यावे. खसाळ्याच्या शेतकऱ्याला आणि कन्हानचे पाणी पिणाऱ्या शहराला एवढे मागण्याचा अधिकार नक्कीच आहे.